गुड फ्रायडेच्या चादरी

फिलोमेन गोद्रीच्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या शाझेलमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सोन नदीच्या काठावरच्या धुण्याच्या घाटावर ती सकाळी सातला गुडघे टेकायची आणि हातांच्या आधी तोंड चालू व्हायचं. पोस्टमास्तरच्या बायकोने नवऱ्याची लोकरी बंडी उसवून स्वतःला मोजे विणले. नोटरीच्या घरी पाहुणे तीन आले, पण उशांचे अभ्रे दोनच मळले. डॉक्टर हल्ली रुमालाला अत्तर लावतात, आणि डॉक्टरीणबाई माहेरी आहेत. सगळं धोपटण्याच्या तालावर गावाच्या कानावर पडायचं. जर्मनांनी फ्रान्स घेतला आणि वर्तमानपत्रांवर त्यांची कात्री फिरायला लागली, तेव्हापासून तर लोक खऱ्या बातम्यांसाठी घाटाच्या पायऱ्यांवरच येऊन बसत.

वय सत्तेचाळीस, दंड सुताराचे, आवाज नदीपलीकडे पोचणारा. नवरा मागच्या लढाईत गेला, तेव्हा लग्नाला आठ महिने झाले होते. मूलबाळ नाही. नदीला पाठ लावून उभं असलेलं दोन खोल्यांचं घर, मागे वाळवणाच्या दोऱ्या, आणि गावात कुणालाही न जमणारी कडक खळ, एवढी तिची इस्टेट. त्या खळीमुळेच शाळेच्या इमारतीत मुक्काम ठोकून बसलेल्या जर्मन पलटणीच्या अधिकाऱ्यांचे सदरे, आणि मागोमाग शिपायांचेही कपडे, तिच्याकडे यायचे. नको म्हणायची सोय नव्हती. ती ते धुवायची आणि कॉलरीला जरा जास्तच खळ लावायची. तेवढंच मानेला काचेल, म्हणायची.

त्रेचाळीस सालच्या शरद ऋतूत एके दुपारी नदीपलीकडचा आन्सेल्म तिच्याकडे सदरे टाकायला आला. नदीवरच्या मोठ्या दारांचा तो राखणदार. मालाच्या नावा आल्या की दारं उघडायची, गेल्या की मिटायची, आणि मधल्या वेळात पाइप ओढायचा. माणूस अबोल. त्याने उगाच टोपी फिरवत विचारलं,

"फिलोमेन, शाळेत शिपाई किती असतील गं?"

"आजारी धरून का सोडून?"

आन्सेल्मने पाइप तोंडातून काढला.

"चारशे बारा," ती इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली. "नऊजण इस्पितळात. साठ नवे आलेत गेल्या आठवड्यात, त्यांच्या कपड्यांवर निशाणी वेगळी आहे. कापड पिळलं की बारीक वाळू निघते, म्हणजे कुठल्या तरी गरम मुलखातून आणलेत. आणि मेजरने लोकरीच्या चड्ड्या परत मागवल्यात धुवायच्या आधीच, म्हणजे थंडीत त्याला कुठेतरी जायचंय."

"हे तू कुणाकुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना. का?"

आन्सेल्म खुर्चीत बसला. गेले दोन महिने तो आणि त्याची माणसं झाडांवर चढून जे मोजायचा प्रयत्न करत होती, ते ही बाई घाटावर फुकट वाटत होती. तरी तो कचरला. हे काम जिभेला कुलूप घालायचं आहे, तुझ्याच्याने होणार नाही, असं तो स्पष्टच म्हणाला.

"अरे, कुलूप दिसलं की त्यांना वाटतं आत काहीतरी आहे," फिलोमेन म्हणाली. "माझं दार सताड उघडं. मी सगळं सांगते हे सगळ्यांना माहीत आहे. मग मी न सांगितलेलं शोधायला कोण येणार?"

त्या हिवाळ्यात दोघांनी तिच्या टेबलावर, भाजलेल्या जवाची कॉफी पीत, खुणा ठरवल्या. तिच्या दोऱ्या नदीपलीकडून स्वच्छ दिसायच्या. दोन चादरी शेजारी शेजारी म्हणजे नवी माणसं आली. तीन चादरी आणि मध्ये निळा एप्रन म्हणजे पलटण दोन दिवसांत हलणार. आन्सेल्मला खूण मिळाली की तो नदीच्या दारावर बादली पालथी घालणार. पुढे तो कुणाला कळवतो, ते तिला ठाऊक नव्हतं आणि तिने विचारलंही नाही. तिला ठाऊक असलेलं नाव एकच, त्याचं.

"पकडली गेलीस तर मला दोन दिवस दे," आन्सेल्म म्हणाला होता. "दोन दिवसांत मी बायकोला घेऊन निघून जाईन. नंतर तुला काय बोलायचं ते बोल."

फिलोमेनला तेव्हापासून जर्मनांची भीती वाटली नाही तेवढी स्वतःच्या तोंडाची वाटू लागली. जन्मात पहिल्यांदा पोटात काहीतरी ठेवायचं होतं. घाटावर एखादीने नुसतं "नदीपलीकडे आज काय चाललंय" म्हटलं तरी तिच्या जिभेच्या टोकाशी ते नाव यायचं, आणि मग ती घाईघाईने दुसऱ्याच कुणाच्या तरी पायजम्याची गोष्ट काढायची. त्या हिवाळ्यात गावाला पूर्वी कधी नव्हत्या इतक्या बातम्या मिळाल्या.

सगळं बिनबोभाट चाललं होतं. पण टेबलाशी बसून खुणा ठरवताना कॅलेंडरातला एक दिवस दोघांच्याही डोक्यातून निसटला होता.

चव्वेचाळीस सालचा एप्रिल. ईस्टरच्या आधीचा गुरुवार, दिवेलागणीची वेळ. मेजरचा हरकाम्या शिपाई लुडगर, गुबगुबीत आणि सदा घामेजलेला, धापा टाकत तिच्या दारात आला. साहेबलोकांचे सगळे सदरे शनिवारी सकाळी हवेत. वाळले नाहीत तर ओले. फिलोमेनने काय ते ओळखलं. ओले सदरे कोण मागतो? ज्याला आपल्या दोरीवर ते वाळवायला वेळ नाही तो. पलटण शनिवारी निघणार होती, आणि खूण शुक्रवारीच जायला हवी होती.

शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे.

आमच्याकडे त्या दिवशी घाटाच्या फळ्या कोरड्या राहतात. प्रभूचा देह त्या दिवशी चादरीत गुंडाळला, म्हणून त्या दिवशी जो कुणी चादर धुतो तो आपलं कफन धुतो, आणि वर्षाच्या आत त्या घरातून कोणीतरी जातं. ज्याचा देवावर विश्वास नाही असा माणूसही त्या दिवशी चादर पाण्यात घालत नाही. फिलोमेनचा तर देवावरही विश्वास होता आणि कफनावरही. शुक्रवारी सकाळी ती बराच वेळ कपाटापुढे उभी राहिली. देव समजून घेईल, तिच्या मनात आलं, पण लेओंतीन नाही घ्यायची. मग छातीवर क्रूस करून तिने घडीच्या तीन स्वच्छ चादरी काढल्या, नदीत बुचकळल्या आणि निळ्या एप्रनसकट दोरीवर चढवल्या.

लेओंतीन मिशो म्हणजे गावातली दुसरी धोबीण. पंचावन्न वर्षांची, अविवाहित, चर्चच्या वेदीवरचे कपडे धुण्याचा मान तिचा. आपल्या विधुर भावाचं, म्हणजे उपनगराध्यक्ष इपोलीत मिशोचं घर ती सांभाळायची. इपोलीत मोठा लाजाळू, बायकांशी बोलताना टोपीकडे पाहणारा गृहस्थ. मिरवणुकीत क्रूस धरण्यापुरताच पुढे यायचा. त्याचा मुलगा ओक्ताव मात्र जर्मनांकडे दुभाषा म्हणून लागला होता आणि शाळेतच त्यांच्याबरोबर राहत होता. लेओंतीन पुतण्याचं नाव घरात काढू देत नसे.

दुपारी दोनच्या सुमाराला लेओंतीन काळी शाल घेऊन चर्चकडे निघाली आणि पुलावर थबकली.

"फिलोमेन! ए फिलोमेन! आज वार कोणता गं?"

"शुक्रवार."

"कोणता शुक्रवार?"

"मटण चालत नाही आणि मासे मिळत नाहीत तो!"

"शिपायांचे सदरे धुतलेस, ते मी समजू शकते. बंदूक दाखवली असेल मेल्यांनी. पण चादरी? चादरी कुणी मागितल्या होत्या? कफन धुतेयस कफन! घरातून कोणीतरी उचललं जाणार!"

"घरात मी एकटीच आहे. उचलायला सहाजण तरी लागतील, तू आत्तापासून सांगून ठेव."

पुलावर माणसं जमायला लागली. चर्चला निघालेलं निम्मं गाव तिथेच खोळंबलं. चर्चच्या घंटा रीतीप्रमाणे गुरुवारपासून मुक्या, त्यामुळे करमणूकही नव्हतीच. फिलोमेन हसत उत्तरं देत होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून नदीपलीकडे पाहत होती. बादली पालथी पडायचं नाव नव्हतं. आन्सेल्म दारांच्या मागे यंत्राला वंगण घालत बसला होता. गुड फ्रायडेला दोरीवर चादर असेल हे त्याच्याही स्वप्नात नव्हतं, मग तो वर कशाला बघेल?

एवढ्यात फादर आले. म्हातारे, दम्याने बेजार.

"फिलोमेन, बाई, देवाची तरी भीड ठेव."

"देवाला सकाळीच विचारलंय, फादर. तो काही बोलला नाही. बोलतायत त्या लेओंतीनबाई."

लोक हसले. लेओंतीनचा चेहरा लालबुंद झाला, आणि मग तिने जो आवाज लावला तो शाझेलमध्ये आजवर फक्त आगीच्या वेळी ऐकू आला होता. "उतरव त्या चादरी! सगळ्या गावासमोर सांगते, उतरव!" नदीपलीकडे दारांच्या मागून आन्सेल्मचं डोकं वर आलं. त्याने दोरीकडे पाहिलं. मग जणू काही झालंच नाही अशा चालीने गेला आणि बादली पालथी घातली.

"बरं बाई, उतरवते," फिलोमेन म्हणाली. "तुझा घसा बसेल."

चादरी उतरल्या, गाव चर्चला गेलं. पुलाच्या टोकाला ओक्ताव मिशो मात्र उभाच होता. जर्मन माणसाला त्या दोरीवर नुसतं धुणं दिसलं असतं. ओक्ताव इथल्याच मातीत वाढलेला, आणि आत्याच्या हातचे धपाटे खाल्लेला. चारला तो दोन शिपाई घेऊन तिच्या दारात आला आणि दाराशीच म्हणाला, "माय गोद्री, सदरे लुडगरने सांगितले. चादरी कुणी सांगितल्या?"

नगरपालिकेच्या तळघरात, जिथे पूर्वी मतपेट्या ठेवत, तिथे चौकशी सुरू झाली. कॅप्टन नीटनेटका माणूस. त्याला सगळं कागदावर लागायचं. त्याला फ्रेंच फारसं येत नव्हतं, म्हणून मध्ये ओक्ताव. कोपऱ्यात एक शिपाई टाइपरायटर घेऊन.

फिलोमेनने मनाशी हिशेब केला. शुक्रवारचे चार ते रविवारचे चार. एवढा वेळ ते नाव तोंडाबाहेर पडता कामा नये. गप्प बसणं तिला जमणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाच मिनिटं गप्प बसली असती तर सहाव्या मिनिटाला नेमकं तेच बाहेर पडलं असतं. तेव्हा तिने बोलायला सुरुवात केली.

चादरी कशा निवडाव्यात इथपासून तिने धरलं. राखेचं पाणी किती वेळ मुरवायचं, नीळ जास्त झाली तर काय करायचं, नोटरीकडचे तीन पाहुणे आणि दोन अभ्रे. कॅप्टन मान डोलवत राहिला, त्याला वाटलं बाई भ्यायली, आता सुटली. टाइपरायटर खडखडत होता. आन्सेल्मचं नाव जवळ आलं की ती नवं घर उघडायची. डॉक्टरचं, बेकरीवाल्याचं, नगराध्यक्षांच्या सासूचं. शेवटी ओक्तावच्या घराची पाळी आली.

"आणि याच्या चादरी विचारा मला! नऊ वर्षांचा होईपर्यंत रोज सकाळी ओली. याची आई बिचारी टोपलीच्या तळाशी लपवून आणायची माझ्याकडे. म्हणायची, फिलोमेन, याची बायको काय म्हणेल गं?"

"काय म्हणाली?" कॅप्टनने विचारलं.

"हवामानाबद्दल बोलतेय," ओक्ताव म्हणाला.

कॅप्टनने घड्याळाकडे पाहिलं. बाई पाच मिनिटं बोलत होती, आणि भाषांतर झालं दोन शब्दांचं. त्याच्या कपाळावर आठी पडली. संध्याकाळी त्याने कागद मोजले. अकरा पानं भरली होती, आणि अकराही पानांत फक्त मळके कपडे.

शनिवारी पहाटे कॅप्टनने हसायचं सोडलं. दोन शिपायांनी तिचं डोकं थंड पाण्याच्या टबात धरलं. तीस वर्षं माघाच्या पाण्यात हात घातलेल्या बाईला पाण्याची काय भीती, असं ती पुढे कधी विचारलं तर म्हणायची आणि विषय बदलायची. खरी गोष्ट ही की तिला भीती वाटली, फार वाटली, दोन दात गेले आणि आईला हाका मारून झाल्या. तिसऱ्यांदा वर काढली तेव्हा ते नाव अगदी ओठांवर येऊन उभं होतं. तोंड उघडलं की पडणारच होतं, आणि तोंड उघडल्यावाचून श्वास घेता येत नव्हता.

"सांगते," ती म्हणाली. "चादरींचं सांगते. घरात पुरुष आला होता."

सगळे पुढे वाकले. ओक्तावही.

"गुरुवारी. मग अशा चादरी ईस्टरपर्यंत घरात कशा ठेवू? पाप ते पाप, वर सणासुदीला. म्हटलं, कफन तर कफन, पण धुऊन टाकते."

"कोण पुरुष?"

समोर ओक्ताव उभा होता. बापासारखं नाक, बापासारखे लोंबते कान. जिभेवर आलेलं नाव तिने गिळलं आणि डोळ्यांसमोर होतं ते बोलली.

"इपोलीत मिशो."

ओक्तावचं तोंड उघडं राहिलं. कॅप्टनला फ्रेंच येत नसलं तरी आडनावं येत होती. त्याने हळूच मान वळवली आणि आपल्या दुभाष्याकडे पाहिलं.

"मिशो?" तो म्हणाला.

तासाभरात कॅप्टन ओक्तावला घेऊन मिशोंच्या घरी गेला. फिलोमेन तळघरात ओल्या कपड्यांनी बसली होती आणि तिला कळून चुकलं होतं की आपण एका भल्या माणसाच्या गळ्यात काय बांधलंय. इपोलीत कधी उंदराशीही खोटं बोलला नसेल. तो नाही म्हणणार, आणि मग पुन्हा तो टब. तेवढ्या वेळात तिने आयुष्यात पहिल्यांदा एक शब्दही उच्चारला नाही.

दार उघडलं तेव्हा कॅप्टन एकटाच आला. त्याने टाइप केलेली पानं गोळा केली, वर एक ओळ खरडली आणि तिच्याकडे असं पाहिलं की जणू बुटाला काहीतरी लागलंय. तिला उचलून मागच्या कोठडीत टाकलं. टब पुन्हा आला नाही. का आला नाही, ते तिला कळेना, आणि पहिल्यांदाच विचारायला कोणी नव्हतं.

वेळही कळत नव्हता. घंटा गुरुवारपासून रोमला गेल्या, असं आपण लहान मुलांना सांगतो. त्यामुळे तासांचे टोलेही बंद. तिने भिंतीवरच्या उजेडावरून अंदाज बांधला, चुकली, पुन्हा बांधला. आणि मग एकाएकी सगळ्या घंटा एकदम वाजायला लागल्या, मोठी, मधली, छोटी फुटकी, सगळ्या. ईस्टरची सकाळ. अजून काही तास होते, पण आता कोणी विचारतच नव्हतं. ते नाव अजून तिच्याजवळ होतं. फिलोमेन कोठडीच्या जमिनीवर बसून रडली आणि हसली, दोन्ही मोठ्याने, कारण हळू काही करायची तिला सवय नव्हती.

तिला जिल्ह्याच्या तुरुंगात हलवलं तेव्हा गाडीतल्या शिपायांच्या वैतागावरून काय झालं ते तिला उमगलं. शनिवारी निघालेली पलटण गावापासून तीन कोसांवर रूळच उखडलेले असल्यामुळे एका बीटच्या शेतात चार दिवस बसून राहिली होती. कॅप्टनची लगेच कुठेतरी दूर बदली झाली. तुरुंगात तिला धुण्याच्या कामाला लावलं. बावीस बायकांच्या कोठडीत ती बोलत राहिली. तिथल्या बायका म्हणत, तिच्या गोष्टींमुळे शाझेलमधला प्रत्येक पायजमा त्यांना ओळखीचा झाला. ऑगस्टमध्ये यादी आली. राजकीय कैदी पूर्वेला, जर्मनीतल्या छावण्यांत पाठवायचे. एकवीस नावं वाचली गेली, तिचं नाही. तिच्या कागदावर कॅप्टनने खरडलेली ओळ होती, "चारित्र्याचा मामला, बिनमहत्त्वाचा." त्या एकवीसजणींतल्या सहाच परत आल्या. त्यांची सगळी नावं फिलोमेनला अखेरपर्यंत पाठ होती, आणि ती सांगताना मात्र तिचा आवाज बसायचा.

सप्टेंबरात जर्मन पळाले आणि ती चालत शाझेलला आली. पुलावर पहिला भेटला तो आन्सेल्म.

"दोन दिवस मागितले होते," तो म्हणाला, "तू पाच महिने दिलेस." तो त्याच शुक्रवारी संध्याकाळी बायकोला घेऊन कोळशाच्या नावेतून निघाला होता. "आणि लेओंतीनचे उपकार मान. ती ओरडली नसती तर मी मान वर केली नसती." एवढं बोलून त्याने पाइप पेटवला. त्याच्या मानाने ते भाषणच होतं.

रविवारी फिलोमेन मिस्साला गेली. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी सगळे पुढे गेले, आणि शेवटच्या बाकावर एकटी लेओंतीन बसून राहिली. लेओंतीन! जी तापाने फणफणलेली असतानाही वेदीपर्यंत जायची. शेजारणीने कानात सांगितलं, ईस्टरपासून तिने प्रसाद घेतलेला नाही. भावाच्या भानगडीची लाज, दुसरं काय.

सोमवारी सकाळी घाटावर दोघीच होत्या. फिलोमेनने सरळच विचारलं, "शनिवारी तुमच्या घरी काय झालं?"

लेओंतीन धुणं आपटत राहिली. "तो कॅप्टन आला. इपोलीतला विचारलं, गुरुवारी या बाईकडे होतास का. इपोलीत टमाट्यासारखा लाल झाला, तोंड उघडलं, मिटलं, टोपीकडे बघायला लागला. मग मला विचारलं, हा घरी होता का."

"मग?"

"मी म्हटलं, पहाटे पाचला आला, बूट हातात घेऊन. जिन्यावरच पकडला मी. लाजलज्जा सोडलीस का रे या वयात, असं बोलले. ओक्तावने शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगितला. मान खाली घालून."

फिलोमेनच्या हातातलं धोपटणं पाण्यात पडलं. "तू? खोटं? ईस्टरच्या आदल्या दिवशी?"

"चादरींना घडीच्या सुरकुत्या होत्या गं. पुलावरून दिसल्या मला, पण रागाच्या भरात लक्ष नाही दिलं. घरी गेल्यावर डोक्यात आलं, या बाईने स्वच्छ चादरी भिजवल्या. कुणासाठी? आणि मग तुला नेल्याचं कळलं." तिने हातातलं कापड पिळलं. "माझ्या ओरडण्याने नेलं."

"मग कबुली दे आणि मोकळी हो. प्रसाद का सोडलास?"

"तीनदा गेले कबुलीला. फादर विचारतात, त्या खोट्याचा पश्चात्ताप होतो का? मी म्हणते, नाही होत. मग क्षमा कशी देणार ते? आणि क्षमेशिवाय प्रसाद कसला?"

"होतो म्हणून सांग की!"

"म्हणजे आणखी एक खोटं?"

फिलोमेनने तिथेच पदरासारखा एप्रन कमरेला खोचला आणि ओल्या पायांनी फादरच्या घरी गेली. "फादर, तुम्ही तिला नको त्या गोष्टीचं विचारता आहात. दुसरं काहीतरी विचारा," एवढंच म्हणाली, आणि म्हाताऱ्याला दंडाला धरून घाटावर घेऊन आली. फादर पायरीवर टेकले, दम खाल्ला.

"लेओंतीन, त्या दोन दिवसांतल्या कशाचाही तुला पश्चात्ताप होतो का?"

"पुलावरून ओरडले त्याचा, फादर."

"अगं वेडे, त्या ओरडण्यानेच तर सगळं झालं!" फिलोमेन मध्ये पडली. "आन्सेल्मने मान वर केली ती–"

"तू गप्प बस जरा," लेओंतीन म्हणाली. "फादर, मी देवासाठी नव्हते ओरडले. तीस वर्षं या घाटावर सगळ्या बायका हिच्या बाजूला बसतात. हिच्या बडबडीला हसतात. माझ्या बाजूची फळी कायम रिकामी. त्या दिवशी चादरी दिसल्या आणि वाटलं, आज सगळ्या गावासमोर हिला खाली बघायला लावते. देव नुसता तोंडात होता."

"आणि त्याचा पश्चात्ताप होतो?"

"रोज."

"मग तेवढं पुरे आहे," फादर म्हणाले आणि हात वर करून क्षमेचे शब्द पुटपुटू लागले. लेओंतीनने ओल्या हातांनी तोंड झाकलं.

फिलोमेन गोद्री खाली वाकली, गुडघ्यांखाली घ्यायची आपली पेंढ्याची पेटी उचलली, चार पावलं चालत गेली आणि लेओंतीनच्या शेजारच्या फळीवर ठेवली.

"सरक," ती म्हणाली.